‘साखर नको म्हणणाऱ्यांनी घरीच प्यावं’ – या पोस्टला उत्तर

कोरा_चहा (धागा सुरू करणारे)

काल एक पोस्ट सगळ्या ग्रुपांवर फिरली. थोडक्यात अशी: बेळगावात हल्ली जो तो काउंटरवर येऊन ‘शुगरलेस’, ‘दूध नको’, ‘आलं नको’ म्हणत उभा राहतो, गर्दीत हॉटेलवाल्याचा खोळंबा करतो, एवढं पथ्य असेल तर घरीच प्यावं. खाली टाळ्यांचा पाऊस.

टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी चहाचं पातेलं जवळून बघितलंय? भांडण पथ्याचं नाहीच, साखर कधी पडते त्याचं आहे. टपरीवर साखर आधणातच जाते. एक लिटर पाणी, एक लिटर दूध, दीडशे ग्रॅमच्या आसपास साखर. आटून, गाळून 80 मिलीचे बावीस-तेवीस पेले निघतात, म्हणजे पेल्यामागे साडेसहा-सात ग्रॅम. ती नंतर बाहेर काढता येत नाही. फिल्टर कॉफीचं उलटं असतं. डिकॉक्शन वेगळं, दूध वेगळं, साखर पेल्यात. म्हणून कॉफी बिनसाखरेची मिळणं सोपं आणि चहा मिळणं अवघड. ‘कॉफीला देता मग चहाला का नाही’ म्हणून वाद घालणारं गिऱ्हाईकही चुकतं आणि दोन्हींना सरसकट ‘होत नाही’ म्हणणारा हॉटेलवालाही.

गर्दीत कॉफीतही घोळ होतो तो असा: पेले आधीच ओळीत मांडून प्रत्येकात चमचाभर साखर टाकून ठेवलेली असते. ऑर्डर ऐकणारा एक, ओतणारा दुसरा. ओतणारा ओळीतला पेला उचलतो, साखर तळाशी असल्यामुळे पहिला घोट सपक लागतो आणि गिऱ्हाईक निर्धास्त होतं. दोनदा दवऱ्यात (पेल्याखालच्या वाटीत) ओतलं की गोड. तेव्हा ‘ओळीतला नको, रिकामा पेला घ्या’ एवढंच बोलायचं.

आणि ‘शुगरलेस’ हा शब्दच टाकून द्या. निम्म्या वेळा तो ‘लेस शुगर’ असा ऐकला जातो आणि अर्धा चमचा पडतो. ‘साखर अजिबात नको’ म्हणा. ओतणारा कन्नड असेल तर ‘सक्री हाकब्याड्री’. ‘कमी’ किंवा कन्नडातलं ‘कडिमी’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत.

---

गल्ल्यावरचा_माणूस

वा. पातेलं जवळून बघितलंय म्हणता, मग सकाळी आठ ते दहा शेगडीसमोर उभं राहून बघा की. दोन बर्नर. एकावर दूध, एकावर आधण. तुमच्या एका पेल्यासाठी दांड्याचं छोटं पातेलं चढवायचं म्हणजे मोठं उतरवायचं. चार मिनिटं. तेवढ्यात पंधरा पेले जातात. दहा रुपयांच्या चहात तुम्हाला हवं ते सगळं बसवायचं कसं?

कॅफेवाल्यांचं आणखी अवघड. ओटच्या दुधाचा एक लिटरचा डबा दोन-तीनशेच्या घरात. 180 मिलीने धरला तर पाच कप. फोडल्यावर फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस, मग ओतून द्यायचा. टिळकवाडीत दोन दिवसांतून एक गिऱ्हाईक ओटचं आलं तर डबा संपायच्या आत खराब होतो. पुण्या-बेंगळुरूचं गणित इथं लावू नका.

---

कोरा_चहा

फुकट कोण मागतंय? पाच रुपये जादा लावा, पण बोर्डावर लिहा. आता होतं काय, ‘हो हो’ म्हणून तोच चहा पुढे सरकवतात. नाही म्हटलेलं चालतं, खोटं हो चालत नाही.

आठ ते दहा मागूच नये, हे मात्र मान्य. मागायची वेळ नव्या आधणाची. पाणी आणि पूड उकळलीय, साखर पडायचीय, तेव्हा एका पेल्याचं पाणी पळीने बाजूला काढलं की झालं. वेगळी शेगडी लागतच नाही. वेगळी गाळणी लागते, कारण मुख्य गाळणीतल्या चोथ्यात साखरेचा पाक असतो.

---

चिकोडी_मेल

‘आलं नको’ला फॅड म्हणणाऱ्याने एकदा चिकोडी, सदलगा, निपाणी भागात येऊन बघावं. जैन वस्ती केवढी आहे या पट्ट्यात. ओलं आलं जमिनीखालचं म्हणून चालत नाही, सुंठ चालते. चातुर्मासात तर विचारायलाच नको. इकडच्या जुन्या हॉटेलांत आल्याचा ठेचा पातेल्यात न टाकता पेल्यावर गाळणी धरून वरून चहा ओततात, ज्याला हवं त्याला. चव थोडी कच्ची लागते, पण एका पातेल्यात दोघांचं भागतं. ही युक्ती कुठल्या कॅफेच्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

आणि सूर्यास्तानंतर ‘एक तरी घ्या की ओ’ म्हणून आग्रह करणाऱ्यांबद्दल वेगळा धागा काढावा लागेल.

---

ढेप_आणि_काकवी

एवढा काथ्याकूट कशाला? साखर नको तर गुळाचा चहा घ्या. आपल्या भागात उसाला काय तोटा. गूळ नैसर्गिक, लोह असतं, मधुमेह्यांना चालतो. आता तर गल्लोगल्ली गुळाचा चहा मिळतो.

---

एचबीए_वन_सी

हेच. नेमकं हेच वाचून लोक दवाखान्यात जातात. गूळ म्हणजे उसाचीच साखर, मळी न काढता आटवलेली. दहा ग्रॅम गुळात साडेआठ-नऊ ग्रॅम साखरच असते, उरलेलं पाणी आणि क्षार. वर गूळ साखरेपेक्षा कमी गोड लागतो म्हणून चहावाला चमचाभर जास्तच टाकतो. पेल्याचा हिशेब सारखाच, कधी जास्त.

लोहाचं म्हणाल तर ते आहे थोडं, पण चहातलं टॅनिन त्याला पकडून ठेवतं, अंगी लागू देत नाही. लोहासाठी गूळ खायचा तर चहात सोडून कशातही खा.

‘मधुमेह्यांना चालतो’ हे वाक्य बोर्डावर लिहिणाऱ्यांना जाब विचारायला हवा.

---

ढेप_आणि_काकवी

तुमच्यासारख्यांनीच गुऱ्हाळं बंद पाडली. कारखान्याची पांढरी साखर चालते, शेतकऱ्याचा गूळ चालत नाही.

---

एचबीए_वन_सी

मधुमेह्याला दोन्ही चालत नाहीत. वाचता येतं ना?

---

काहिलीवरचा

दोघेही जरा थांबा. गुळाच्या चहाची खरी अडचण कुणी बोलतच नाही: तो फुटतो. आणि फुटू नये म्हणून टपऱ्यांवर जे करतात ते पथ्यवाल्यांनी माहीत करून घ्यायला हवं.

ताजं दूध जेमतेम आंबट, सामू (pH) साडेसहाच्या वर. गूळ त्याहून आंबट. थंड दूध बराच आंबटपणा सोसतं, उकळतं दूध सोसत नाही, सामू सहाच्या आसपास उतरला की फाटतं. पावसाळ्यात ढेपेला ओल धरते, आतून आंबते, मग तोच गूळ जो मे महिन्यात चालला तो जुलैत दूध नासवतो. खानापूरच्या पावसात तर ढेप आठवड्यात पाझरायला लागते.

काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या कढईत, चुन्याची निवळी नीट पडली असेल तर आंबटपणा मोडलेला असतो आणि गूळ दुधाला सोसतो. निवळी कमी पडली तर नासवतो, जास्त झाली तर गूळ काळपट पडतो. हे गूळ करणाऱ्या गुळव्याच्या हातात असतं, गुळाच्या जातीत नाही. म्हणून ‘कोल्हापुरी असेल तर फुटत नाही’ किंवा ‘महालिंगपूरचाच घ्या’ या गप्पांना अर्थ नाही. पिवळाधमक दिसतो तो बहुतेकदा हायड्रॉस (रंग उजळवणारं रसायन) मारल्यामुळे, पण काळा म्हणजे शुद्ध हेही खरं नाही. काहिलीत करपलेलाही काळाच असतो.

फुटू नये म्हणून: पाणी 80 मिली, पूड सपाट चमचा, तीन मिनिटं उकळी. गूळ किसून 10 ग्रॅम या कोऱ्या चहातच विरघळवायचा, गाळायचा, विस्तव बंद. दूध वेगळं उकळून एक-दोन मिनिटं खाली ठेवलेलं, 60 मिली. चहा पेल्यात, वरून दूध. एकत्र केल्यावर पुन्हा आचेवर ठेवायचं नाही. बहुतेक जण इथंच चुकतात, ‘गार झाला’ म्हणून परत उकळतात आणि चोथापाणी होतं.

आल्याचा दोष गुळावर ढकलतात तेही थांबवा. कच्च्या आल्यात दूध गोठवणारं विकर (एन्झाइम) असतं. गरम, पण न उकळत्या दुधात ठेचा टाकलात तर गूळ नसतानाही फुटेल. आलं आधी पाण्यात खळखळून उकळलं की ते मरतं.

टपरीवर एवढे सोपस्कार करायला वेळ नसतो. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात, दूध फाटत नाही. सोडा म्हणजे सोडियम. दिवसातून चार पेले पिणाऱ्या बीपीवाल्याने चौकशी करावी. आणि हे सगळं ‘आरोग्यदायी’ पाटीखाली.

---

महालिंगपूर_एक्सप्रेस

‘जातीत नाही’ काय? महालिंगपूरच्या गुळाचा कण बघितलाय कधी? कोल्हापूरला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं म्हणजे बाकीच्यांनी काहिली विकायच्या का?

---

काहिलीवरचा

कण चहात विरघळतो ओ.

---

खडेबाजार_कट्टा

मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. बोर्ड. कन्नड साठ टक्के, उरलेल्यात इंग्रजी, मराठीला जागा नाही. दुधाची ॲलर्जी असलेल्या आजीने कुठलं वाचायचं? 2024 पासून कर्नाटकात कायदाच…

---

चिकोडी_मेल

आलंच हे. चहाच्या धाग्यात सीमावाद उकळायला ठेवू नका. साठ टक्के पाटीला आहे, मेनूकार्डाला नाही. कार्ड मराठीत छापायला कुणी हात धरलेले नाहीत.

---

खडेबाजार_कट्टा

बरं. पण ॲलर्जीची माहिती लिहायची सक्ती आहे की नाही?

---

वाफेची_नळी

आहे, पण सगळ्यांना नाही. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) 2020 च्या लेबलिंगच्या नियमांत केंद्रीय परवाना असलेल्यांना किंवा 10 आणि त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना मेनूवर ॲलर्जीची माहिती द्यावी लागते. रामदेव गल्लीतल्या एकट्या हॉटेलाला नाही. तेव्हा तिथे तोंडानेच विचारायचं.

विचारताना एक फरक स्पष्ट सांगा, कारण काउंटरवर दोन्हींना ‘दूध चालत नाही’ हे एकच वाक्य असतं. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणाऱ्याला पेल्यातला थेंबभर दुधाचा अंश बाधत नाही. कपात 60 मिली दूध म्हणजे तीन ग्रॅम लॅक्टोज, अनेकांना तेवढंही सोसतं. अमूलचं लॅक्टोज-फ्री दूध मिळतं, पण त्यात लॅक्टोज फोडून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज केलेलं असतं. गोड लागतं, मधुमेह्याला काही सूट नाही.

दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट. तिथे अंशही घातक. कॅफेच्या मशीनची दूध गरम करायची वाफेची नळी दिवसभर दुधात बुडते, वर पापुद्रा धरतो. ओल्या फडक्याने पुसून दोन सेकंद वाफ सोडली तरी तेच फडकं आधीच्या दुधाचं असतं. वेगळी नळी, दुधाचं वेगळं भांडं, वेगळं फडकं नसेल तर ओट मिल्क मागवून उपयोग नाही. अशांनी वाफ न लागणारं काहीतरी घ्यावं. कोरी कॉफी, कोकम सरबत. सोलकढीही, पण त्यात ताक घालत नाहीत ना, एवढं विचारून. मशीनच्या चहाला तर हातच लावू नये, प्रीमिक्समध्ये दुधाची पावडर आणि बहुधा साखर आधीच असते, बटण दाबणाऱ्याच्या हातात काही नसतं.

सोया-बदाम कॉफीत फुटतं म्हणून ‘खराब माल’ म्हणून परत पाठवणारेही आहेत. माल खराब नसतो. कॉफी आंबट आणि कडकडीत, दूध फ्रिजमधलं. दूध आधी साठ अंशांपर्यंत गरम करा, सत्तरच्या पुढे नेऊ नका, आणि त्यात कॉफी हळूहळू ओता. उलट नाही.

आणि ओटवर ‘वरून साखर घातलेली नाही’ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. बनवतानाच स्टार्च फुटून माल्टोज होतो. मागचं लेबल वाचा.

---

ढेप_आणि_काकवी

म्हणजे गूळ नको, ओट नको, लॅक्टोज-फ्री नको. साखरेऐवजीची गोड गोळी तरी चालेल की तीही नको?

---

एचबीए_वन_सी

गोळी चालेल. काही गोळ्यांत भर म्हणून लॅक्टोज असतं, पण ते मिलिग्रॅममध्ये, लॅक्टोज न पचणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. खिशात डबी ठेवली तरी साखर घातलेल्या चहावर गोळीचा उपयोग शून्य, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

---

कोरा_चहा

बिनदुधाच्या चहाबद्दलही कुणी बोललं नाही. हॉटेलात तो कडू का लागतो? त्याच कडक सीटीसी (दाणेदार) पुडीला तीन मिनिटं उकळून दूध फक्त वगळतात. दुधातली प्रथिनं टॅनिन झाकतात. दूध काढलंत की ते उघडं पडतं. पूड अर्धी करा, उकळून नाही, विस्तव बंद केल्यावर टाका, झाकण, दोन मिनिटं. लिंबू द्यायचं तर पेल्यात.

---

गल्ल्यावरचा_माणूस

पळीने आधण बाजूला काढायची युक्ती जमण्यासारखी आहे, एवढं कबूल. दुसरी गाळणी साठ रुपयांची, तीही कबूल.

बोर्ड लिहून ठेवतो. ‘बिनसाखर चहा नव्या आधणाला. पाच रुपये जादा. सकाळी आठ ते दहा मिळणार नाही.’ मराठीत, कन्नडात, दोन्हीत, म्हणजे कट्ट्यावरच्यांनाही काम उरणार नाही. आणि खाली बारीक अक्षरात: ‘बिनसाखर चहा बाय-टू (एक पेला दोघांत) होणार नाही.’

---

खडेबाजार_कट्टा

बाय-टू का नाही?

---

गल्ल्यावरचा_माणूस

कारण पळी एक पेल्याची आहे.