बंद घरातला जुना मखमली सोफा: घरी साफ होईल का?

कुडाळकर
नमस्कार मंडळी. गावचं घर पावसाळाभर बंद होतं, गणपतीला उघडलं. आजोबांच्या सागवानी सोफ्याच्या पाठीवर पांढरी बुरशी धरलीय आणि खोलीभर कुबट वास. कापड मरून मखमल, आत काथ्या आणि स्प्रिंगा. पुतण्या म्हणतो शाम्पूने धुऊ. नेटवर बेकिंग सोडा-व्हिनेगर सांगतात. इथला कारागीर म्हणतो, सगळं काढून फोम टाकतो. दिवाळीपर्यंत बसण्याजोगा व्हावा एवढंच. काय करू?

पक्या_ठाणे
फोम टाका आणि मोकळे व्हा. 40 डेन्सिटीचा घ्या म्हणजे झालं. काथ्या कोण सांभाळतंय आता?

सुलभा_मिरज
अहो, आत्ता ओलं काही करू नका! मिरजेला वडिलांचं सोफ्या-गाद्यांचं दुकान होतं, शाळेतून आलं की मी चुका (कापड ठोकायचे बारीक खिळे) उपटायला बसायचे, म्हणून सांगते. शाम्पूचं पाणी मखमलीवर थांबत नाही, काथ्यात उतरतं. तुमच्याकडच्या हवेत ते वाळणार कधी? स्प्रिंगा गंजतात आणि तांबूस डाग वर कापडावर येतो. सोडा-व्हिनेगर एकत्र केलं की फेस झकास येतो, पण दोघं एकमेकांना मारतात. हाती काही लागत नाही.

आधी सोफा पालथा घाला. खालचं अस्तर एका बाजूने उचकून टॉर्च मारा. स्प्रिंगांखालचे पट्टे सैल पडलेत का, स्प्रिंगा बांधलेली सुतळी तुटलीय का बघा. सोफा खचतो तो बऱ्याचदा या सुतळीपायी, स्प्रिंग धडधाकट असते. लाकडाखाली पिठासारखा भुसा दिसला तर मात्र कीड लागलीय. तिचा बंदोबस्त आधी, कापडाचं नंतर.

बुरशी अंगणात नेऊन झाडा, नाकाला रुमाल बांधून, मऊ ब्रशने, लवेच्या (मखमलीच्या केसांच्या) दिशेने. घरात झाडलीत तर ती सगळ्या खोलीत पेरल्यासारखं होईल. मग फडक्यावर थोडं सर्जिकल स्पिरिट घेऊन नुसतं टिपा, घासू नका. त्याआधी मागे दुमडलेल्या कापडावर एक थेंब लावून बघा, जुन्या मरूनचा रंग सुटतो हो. आणि जवळपास समई, उदबत्ती काही नको, स्पिरिट पेट घेतं.

काथ्या फेकू देऊ नका. नारळाच्या सोडणाचा तो, सहजी कुजत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात काढून झोडपायचा, हाताने पिंजायचा, परत भरायचा, वर कापसाचा पातळ थर. गोणपाट मात्र नवीनच घ्या. फोमचं म्हणाल तर काही वर्षांनी त्याचा भुगा होतो, आणि तो भुगा मी बादल्या भरून काढलाय.

पक्या_ठाणे
बरं बाई, फोमवाल्यांची हार 😀

कुडाळकर
ताई, फार उपकार. सोफ्याच्या हाताच्या लाकडावरही बुरशीचे ठिपके आहेत. तिथेही स्पिरिटच लावू ना?

सुलभा_मिरज
नको नको! आजोबांच्या काळातलं पॉलिश म्हणजे बहुतेक चपड्याचं, लाखेचं. चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतात, म्हणजे पुसायला गेलात की पॉलिशच फडक्यावर येईल. पायाच्या मागच्या बाजूला थेंब लावून बघा, चिकट झालं तर चपडाच. लाकडाला घट्ट पिळलेलं फडकं फिरवा आणि लगेच कोरडं करा. कापड टिपताना स्पिरिट सोफ्याच्या लाकडी हातावर ओघळणार नाही एवढं सांभाळा. पण एक आहे, हे पॉलिश डागडुजीला सोपं. वरून नवा हात मारला की तो जुन्यात मिसळून जातो, सगळं खरवडायची गरज पडत नाही.

अनघा_डोंबिवली
मध्येच विचारते. कापड बदलायचंच झालं तर माप कसं काढायचं?

सुलभा_मिरज
जुनं कापड फाडून काढू नका, चुका काढून अख्खं उतरवा. तेच तुकडे नव्या कापडावर ठेवून आखायचे, ठोकायला कडेला हातभर नाही पण चार बोटं जास्त ठेवा. सोफ्याचं कापड बहुधा 54 इंच पन्ह्याचं येतं. मखमल घेतलीत तर सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर एक सीट गडद आणि शेजारची फिकी दिसेल, आणि दुकानदार म्हणेल ताका तोच होता.