मत ‘वाया’ गेल्याचे अनुभव

चाफेकळी:
लेकीला अठरा पूर्ण झाली, काल तिचा मतदार नोंदणीचा नमुना 6 भरायला बसलो तर मधेच तिनं विचारलं, आई तू पहिलं मत कुणाला दिलेलंस, आणि मला एकदम 2009ची विधानसभा आठवली. आमच्या चाळीमागच्या नाल्यासाठी वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवणाऱ्या एक बाई अपक्ष उभ्या होत्या. बाबा म्हणाले, येणार नाहीत निवडून, मत कशाला फुकट घालवतेस. मी त्यांनाच दिलं. डिपॉझिट गेलं त्यांचं, एक षष्ठांश मतं कुठून आणणार. पण नंतर बूथवार आकडे बघितले तर आमच्या बूथवर त्यांना 11 मतं. त्यातलं एक माझं, हे मला अजून फार मोलाचं वाटतं. बाई आता नाहीत. तुम्ही दिलंय का असं कुणाला मत? नंतर काय वाटलं?

कृष्णाकाठ:
पण येणार नाही हे आधी ठरवतं कोण? आमच्याकडं सांगलीत 2024च्या लोकसभेला आघाडीचं तिकीट एकाला, युतीचं एकाला, आणि विशाल पाटील अपक्ष, चिन्ह लिफाफा. सगळे म्हणत होते मतं फुटणार, फायदा तिसऱ्यालाच. माझा भाऊ तर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. निकालात लिफाफा लाखाच्या फरकानं आला आणि आघाडीचा अधिकृत उमेदवारच तिसरा. भाऊ पेढे घेऊन आला घरी.

जोगेश्वरीकर:
मला याचा त्रास होतो अजून. लोकसभा 2024, मुंबई उत्तर पश्चिम. दोन्हीकडे शिवसेनाच, मला चीड आलेली, ‘नोटा’ दाबला, म्हणजे वरीलपैकी कुणीच नको. निकाल 48 मतांनी. अठ्ठेचाळीस!! आणि नोटाला 15 हजारांच्या वर. आमच्या दोन बिल्डिंगमधली माणसं जरी वेगळी वागली असती तरी खासदार दुसरा झाला असता. तुमच्या बाईंना दिलेलं मत निदान एका माणसाला होतं, माझं कुणालाच नव्हतं.

वाडीवरची:
जोगेश्वरीकर, मनाला नका लावून घेऊ. लातूर ग्रामीणला 2019 विधानसभेत नोटा दोन नंबरला होता, 27 हजारांवर मतं, लोकांना काहीतरी सांगायचंच होतं ना. दूध उतू चाललंय, येते नंतर.

सातारकर:
आज्जी. वय 84. लोकसभेला तिला दोनदा समजावून सांगितलं, आपलं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. आत जाऊन तिनं नुसती पिपाणी दाबली, यादीत त्या चिन्हाचं नावही तुतारीच होतं, तिची काय चूक. त्या पिपाणीवाल्या अपक्षाला 37 हजार मतं आणि आमचा उमेदवार 32 हजारांनी पडला. तिला कुणीतरी हे सांगितलं तर रात्रभर झोपली नाही बिचारी. तिसऱ्याला मुद्दाम मत देणं वेगळं आणि न कळता जाणं वेगळं, ह्याचं कुणी काही बोलत नाही.

उसकरी:
आमच्या वडलांनी राजू शेट्टींना मत पण दिलं आणि पैसे पण, एक नोट एक व्होट म्हणायचे तेव्हा. 2004ला शिरोळात आमदार, 2009ला हातकणंगल्यातून खासदार, मोठ्या पक्षांना बाजूला सारून. 2019ला पडले, 2024ला तर तिसऱ्या नंबरला गेले, तरी आम्ही घरातली चारी मतं तिथंच दिली कारण उसाच्या दरासाठी रस्त्यावर बसताना आमच्या शेजारी कोण बसलं होतं ते आम्ही बघितलंय. तोड अजून आलेली नाही, उभा ऊस वाळायला लागलाय, मुकादम फोन उचलत नाही, कुणाकडं टोळी असेल तर सांगा खरंच.

पेन्शनर:
मी विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवलेलं आहे. तिथे बटण नसतं, कागदी मतपत्रिका आणि तिथलंच जांभळं स्केचपेन, उमेदवारांपुढे 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे लिहायचे. माझा एक नंबरचा बाद झाला तर मत दोन नंबरच्याकडे जातं. मी निर्धास्तपणे आवडत्या माणसाला 1 लिहितो. हीच सोय विधानसभेला असती तर चाफेकळींच्या बाबांना काळजीच नसती. मत वाया जात नाही हो, मोजायची पद्धत ते वाया घालवते.

जर्सीकर:
काका अगदी बरोबर. इथे अमेरिकेत मेन राज्यात तसंच सुरू केलंय. फ्लोरिडात 2000 साली बुश 537 मतांनी जिंकले आणि तिसऱ्या पक्षाच्या नेडरना तिथे 97 हजार मतं होती, त्याचं अजून ऐकवतात लोक. मी सिटिझन झाल्यावर पहिल्यांदा तिसऱ्या पक्षाला दिलं, न्यू जर्सीत निकाल बहुतेक आधीच ठरलेला असतो म्हणून धीर झाला. फ्लोरिडात असतो तर दिलं नसतं, हेही खरं सांगतो.

वाडीवरची:
आले. उसकरी, माझे मामा कागलचे, विचारून कळवते. चाफेकळी, त्या फॉर्मला फोटो कसा चढवलात? माझ्या मुलाचा तीनदा रिजेक्ट झालाय.

चाफेकळी:
मागे पांढरी भिंत धरा आणि साईज कमी करा, आमचा लगेच गेला. सातारकर, आज्जींना माझा नमस्कार सांगा, 84व्या वर्षी उन्हात रांगेत उभ्या राहिल्या त्या. आणि लेक विचारतेय की ती बाकीची दहा मतं कुणाची होती. मलाही माहीत नाही, पण चाळीत अजून तेव्हाची तीन-चार घरं आहेत, रविवारी जाऊन विचारतो दोघी.