उन्हाळा आणि एसीची सवय: तुमचे अनुभव लिहा

रात्री एसी १८ वर ठेवायचा की २६ वर, यावरून आमच्याकडे रोज भांडण. तुमच्याकडे काय चालतं? एसी नाही त्यांनी कसं निभावतंय ते आधी लिहा, फक्त "आमच्या लहानपणी कुठे होता एसी" एवढंच लिहून पळू नका.

---

टॉप फ्लोअर. आमचा दिवस बरा जातो, रात्र नको होते. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत बसतो, पंखा लावला की वरची गरम हवाच अंगावर येते. माळ्यावरून काही काढताना छताला हात लागला तर चटका बसायचा, गच्चीला पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट मारल्यापासून तो बसत नाही. दिवसा खिडक्या-पडदे घट्ट बंद, बाहेर गार झालं की सगळं सताड उघडं. घरचे म्हणतात हवा येऊ दे, अहो पण ती हवाच ४२ डिग्रीची आहे!

---

कोरड्या हवेत कूलरसारखं सुख नाही, फक्त खिडकी उघडी पाहिजे. बदली होऊन दमट हवेत आलो, तोच कूलर लावला तर अंथरूण चिकट. घाम वाळला तरच अंग गार होतं ना, हवेतच ओल असली की तो नुसता गळत राहतो.

---

मी एसी दुरुस्ती करतो. १६ वर ठेवला म्हणून खोली लवकर गार होत नाही, साधा कॉम्प्रेसर तेवढ्याच जोरात चालतो, फक्त थांबायचं नाव घेत नाही. २६ ठेवा, जोडीला पंखा हळू. "गॅस संपला वाटतं" म्हणून फोन येतो आणि जाऊन बघावं तर फिल्टरवर गोधडीएवढी धूळ. गॅस वापरून संपत नसतो हो, लीक असेल तरच कमी होतो. आणि दीड टन म्हणजे मशीनचं वजन समजणारं गिऱ्हाईक दरवर्षी एक तरी भेटतंच 😀 एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल तेवढी ताकद म्हणजे १ टन.

---

दिवसभर बाइकवर फिरायचं काम आहे. सुरुवातीचे दिवस चक्कर, डोकेदुखी, मग जमतं, शरीराला एक-दोन आठवडे द्यावे लागतात. एसीतून थेट उन्हात येणाऱ्यांचे हाल जास्त.

---

सवय वगैरे तरुणांना ठीक. सासऱ्यांना वयामुळे तहानच कळत नाही, त्यात बीपीची लघवी वाढवणारी गोळी. एका दुपारी बोलताना अडखळायला लागले, अंग भट्टी, तसंच उचलून दवाखान्यात नेलं. मग त्यांच्या खोलीत एसी बसवला, तर आता बिल येईल म्हणून रिमोट उशीखाली लपवतात.

---

सेम!! आम्ही मोबाईलवरून चालू करायला लागलो तर बाबांनी मेन स्विचच पाडायला सुरुवात केलीये.