गुटगुटीत दिसणारं कुपोषित मूल

वर एका ताईंनी विचारलंय, शेजारचं दीड वर्षाचं पोर गालांनी भरलेलं आहे, मग अंगणवाडी सेविका त्याला कुपोषित का म्हणते? ताई, त्याचे पाय बघा. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरा. उचलल्यावर खळगा तसाच राहिला तर ते बाळसं नाही, कुपोषणामुळे अंगात साठलेलं पाणी आहे, म्हणजे सूज. अशा वेळी वजनकाटाही फसवतो. (सूज नसलेल्या, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला तरी ते तीव्र कुपोषणच.)

आणि खाली कुणी ‘भरपूर तूप-भात चारा’ म्हटलंय, तसं कृपा करून नका करू. उपासमारीत शरीराचा सगळा कारभार मंदावलेला असतो. एकदम जड खाणं दिलं की रक्तातले क्षार झपाट्याने घसरतात, हृदयावर ताण येतो. म्हणून वॉर्डात सुरुवातीला १०० मिलीत ७५ किलोकॅलरी असलेलं दूध दर दोन-तीन तासांनी, थोडं थोडं देतात. रात्रीसुद्धा, नाहीतर साखर उतरते, अंग गार पडतं. भूक परतली, सूज ओसरू लागली की खुराक वाढवतात.

खळगा पडत असेल तर पुढच्या वजनाच्या दिवसाची वाट बघू नका. नागपुरातली मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा जे रुग्णालय जवळ असेल तिथे आजच न्या.