शाब्दिक उदाहरणाची बैजिक राशी कशी करायची? मुलगी शब्दांतच अडकते

सातवीची आई
नमस्कार. माझी मुलगी सातवीत आहे, मराठी माध्यम. २क्ष + ५ = १७ असं समोर दिलं की क्ष = ६ काढून मोकळी होते, पण तेच शब्दांत आलं की पेन खाली. कालचं उदाहरण, "आईचं वय मुलीच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ ने कमी आहे, तर आईचं वय बैजिक राशीत लिहा." मुलीचं वय क्ष धरलं ते बरोबर, पण पुढे लिहिलं ३(क्ष − ४). मी म्हटलं ३क्ष − ४ पाहिजे, तर म्हणते का, दोन्हीत तीन आहे, चार आहे, कमी पण आहे. आणि मला खरंच समजावता येईना. क्लासमध्ये "जास्त म्हणजे बेरीज, कमी म्हणजे वजाबाकी, पट म्हणजे गुणाकार" असा तक्ता पाठ करून घेतलाय, तो तिला तोंडपाठ आहे तरी हे होतं. घरी कसं घेऊ?

फळा आणि खडू
ताई, तो तक्ता थोडे दिवस बाजूला ठेवा. तक्त्याने क्रिया कुठली ते कळतं, पण ती कशावर करायची ते कळत नाही, आणि तुमची लेक नेमकी तिथेच अडकलीये.

मी पंचवीस वर्षं पाचवी ते आठवीला गणित शिकवलं, त्यातनं सांगते. मराठी वाक्य बहुतेक वेळा जसं वाचू तसं करत गेलं की राशी आपोआप तयार होते. पट्टी घ्या आणि वाक्य झाकून एकेक शब्द उघडा. "मुलीच्या वयाच्या", लिहा क्ष. "तिपटी", आता झालं ३क्ष. "पेक्षा" आलं की थांबायचं, इथपर्यंत जे झालं ते एक गाठोडं. मग "४ ने कमी", म्हणून ३क्ष − ४. चार कमी होतात ते त्या गाठोड्यातून, मुलीच्या वयातून नाही.

मग उलटं करून घ्या. तिने लिहिलेल्या ३(क्ष − ४) चं मराठी तिलाच करू दे. ते होतं "मुलीच्या ४ वर्षांपूर्वीच्या वयाची तिप्पट". वेगळीच गोष्ट झाली ना! आणि खरी वयं घालून बघा, मुलगी १३ ची धरली तर ३क्ष − ४ म्हणजे ३५, आणि ३(क्ष − ४) म्हणजे २७. आई २७ आणि मुलगी १३ हे कसं शक्य आहे, ते तिचं तीच म्हणेल.

ही जोडी पण द्या: "संख्येच्या वर्गाची दुप्पट" आणि "संख्येच्या दुपटीचा वर्ग". पहिलं २क्ष², दुसरं (२क्ष)². संख्या ५ घेतली तर एकीकडे ५० येतात, दुसरीकडे १००. शब्द तेच, "ची" आणि "चा" कुणाला लागलाय तेवढाच फरक.

सेमीवाला बाबा
मॅडमचं पटलं, फक्त एक भर घालतो. "क्ष ही संख्या १० मधून वजा करा" यात क्ष आधी येतो पण राशी १० − क्ष होते. म्हणून मी मुलाला प्रत्ययाखाली रेघ मारायला लावतो, "मधून", "तून" किंवा "पेक्षा" ज्याला चिकटलंय ते वजाबाकीत आधी लिहायचं.

आमचा सेमी इंग्लिशला आहे, त्याला तर रोजच उलटं पडतं. "फाइव्ह लेस दॅन अ नंबर" वाचलं की ५ − क्ष लिहायचा, कारण पाच आधी दिसतो. आता आधी तोंडाने मराठीत म्हणतो, "एका संख्येपेक्षा ५ ने कमी", आणि मग लिहितो, क्ष − ५. मराठीतही असा उलटा शब्द आहे आणि तो त्याला भारी आवडला, एकोणीस. एक, ऊन म्हणजे कमी, आणि वीस, म्हणजे २० − १. एकोणतीस ३० − १. पावणेदोन म्हणजे २ − १/४, सव्वादोन २ + १/४. पोरं लहानपणापासून हे बोलतायत, कुणी त्यांना सांगत नाही की हीच वजाबाकी-बेरीज आहे.

चाळीसगावकर
मुलं अजून एका ठिकाणी हमखास चुकतात. "एका शिक्षकामागे ३० मुलं" हे समीकरणात लिहायला सांगा, चांगली हुशार मुलं ३०म = श लिहून टाकतात, वाक्यात तीस मुलांच्या शेजारी आहे म्हणून. त्यांच्या डोक्यात म म्हणजे "मुलं" असतं. म म्हणजे मुलांची संख्या आणि श म्हणजे शिक्षकांची संख्या हे पहिल्या ओळीत पूर्ण शब्दांत लिहायची सवय लावा. मग दोन शिक्षक घेऊन बघायचं, मुलं ६०, म्हणजे म = ३०श. तसंच पेनचं, प म्हणजे पेन नाही, एका पेनची किंमत किंवा पेनांची संख्या, काय ते आधी ठरवायचं.

आणि मुलीला क्ष ची भीती असेल तर हे सांगा. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराला बीजगणित लिहिलं, त्यात अज्ञात संख्येला "यावत्तावत्" म्हणतात, म्हणजे जितकं असेल तितकं, आणि लिहिताना नुसतं "या". दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या अज्ञाताला रंगांची नावं, कालक, नीलक, पीतक, त्यांचं का, नी, पी. त्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख आमच्याजवळ पाटणादेवीला आहे, म्हणून मला हे सांगताना फार आनंद होतो. मी भाचीला आठवडाभर क्ष च्या जागी "या" लिहू दिलं. "माझ्याकडे जितके रुपये असतील तितके" असं म्हणून ती लिहायला लागली आणि अडखळणं खूप कमी झालं.

फळा आणि खडू
"या" चं फार आवडलं. अजून एक, "तीन पटीने जास्त" असली वाक्यं घरी देऊ नका. कुणी ३क्ष म्हणतं कुणी ४क्ष, दोघांचंही ऐकलं तर बरोबर वाटतं. "तिप्पट" म्हणा, वाद नाही.

सातवीची आई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल पट्टीने शब्द उघडत बसलो. वयाचं उदाहरण तिने स्वतः खोडलं, २७ आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तू चौदाव्या वर्षी थोडीच..." आणि लगेच कंस काढला. मग तिनेच एक करून दिलं, "आजीच्या डब्यातल्या लाडवांच्या निम्म्यातून २ मी खाल्ले, तर त्या निम्म्यातले किती उरले?" लिहिलं या/२ − २. मला आधी (या − २)/२ वाटलं होतं, तिने माझ्यासमोर १० लाडू घेऊन तपासून दाखवलं, माझे ४ येत होते, तिचे ३.

आता "प्रत्येकी" आलं की गडबडते, कधी गुणायचं कधी भागायचं ते कळत नाही. त्यासाठी काही आहे का कुणाकडे?