मदत हवी आहे: अंथरुणाला खिळलेल्या माजी सैनिक वडिलांच्या शुश्रूषेसाठी सरकारी साहाय्य

कृष्णाकाठ:
माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि १९७१ च्या युद्धात सहभागी होते. पक्षाघातानंतर ते अंथरुणाला खिळले आहेत. कूस बदलण्यापासून भरवण्यापर्यंत सारे दुसऱ्याने करावे लागते. रुग्णालयाने आता उपचार उरले नाहीत असे सांगून घरी पाठवले आणि एका दवाखान्याने ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) कार्ड नाही म्हणून परत पाठवले. दिवसरात्र माणूस ठेवणे आम्हाला परवडत नाही. सरकारकडून नेमके काय मिळते, हे कृपया लवकर सांगावे.

निवृत्त_सुभेदार:
आपण सर्वांत महत्त्वाचेच लिहिलेले नाही. वडिलांना निवृत्तिवेतन मिळते का? त्यांचा हुद्दा व वय काय आणि सेवामुक्तीचे कोणते कारण डिस्चार्ज बुकात (सेवामुक्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवापुस्तिकेत) नोंदले आहे? ईसीएचएस २००३ साली सुरू झाली, ती मुळात निवृत्तिवेतनधारकांसाठी. त्यामुळे पुढचे सारे या उत्तरांवर ठरेल.

सह्याद्री_वारा:
एवढी चौकशी कशाला? सरळ सतत परिचर भत्ता मागा. १ जुलै २०१७ पासून तो दरमहा ६७५० रुपये झाला होता आणि माझ्या काकांना तो मिळत असल्यामुळेच घरी मदतनीस ठेवता आला.

निवृत्त_सुभेदार:
आपल्या काकांना अपंगत्व कशामुळे आले? हा भत्ता सेवेमुळे आलेल्या शंभर टक्के अपंगत्वासाठी असतो आणि त्याला वैद्यकीय मंडळाची शिफारस लागते. उतारवयातील पक्षाघात त्यात बसत नाही.

सह्याद्री_वारा:
काकांचे दोन्ही पाय सुरुंगस्फोटात गेले, हे खरे आहे. तरीही ज्याने ऐन तारुण्यात युद्ध झेलले, त्याच्या म्हातारपणातील आजाराचा सेवेशी संबंध आहे की नाही, हे तपासत बसणे मला अन्यायाचे वाटते.

अनुराधा_स:
नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला स्पर्श या संरक्षण निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीत भरायला विसरू नका. वयाच्या ८० व्या वर्षापासून मूळ निवृत्तिवेतनात २० टक्के वाढही मिळते.

खडकीकर:
खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात चौकशी करावी. तेथे सैनिकांची निवासी व्यवस्था फार आस्थेने होते, हे मी जवळून पाहिले आहे.

निवृत्त_सुभेदार:
त्या केंद्राबद्दल मलाही आदर आहे, परंतु ते मज्जारज्जूला इजा होऊन लुळे पडलेल्या सैनिकांसाठी आहे. हेलपाटा घालण्याआधी धागाकर्त्यांनी माझ्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

कृष्णाकाठ:
क्षमस्व, सैनिक म्हटले की सर्वांना एकच नियम असेल असे वाटले होते. वडील नाईक होते, वय ७७ आहे. ते १९६६ मध्ये भरती झाले आणि १९७६ मध्ये सेवामुक्त झाले. निवृत्तिवेतन मिळत नाही. शेती नाही, त्यांचे स्वतःचे उत्पन्नही नाही.

निवृत्त_सुभेदार:
मग कार्ड का मिळाले नाही, हे उघड आहे. हवालदार व त्याखालच्या हुद्द्यावरील, निवृत्तिवेतन नसलेल्या आणि ६५ वर्षांवरील निराधार माजी सैनिकांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचे पेन्युरी अनुदान आहे. ध्वजदिन निधीतून मिळणारे हे अनुदान दरमहा ४००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ते ८००० रुपये झाले आहे. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिफारशीने पुढे जातो. तेथेच वैद्यकीय अनुदानाचेही विचारा, पण ते उपचारांच्या बिलांसाठी असते. आपल्या व्यवस्थेत औषधाचे बिल चालते, कूस बदलणाऱ्या माणसाचा पगार चालत नाही, आणि माझे खरे भांडण याच गोष्टीशी आहे. म्हणून हे ८००० रुपये आधी मिळवा, कारण ते मदतनिसाला देता येतील.

अनुराधा_स:
मघाशी निवृत्तिवेतन गृहीत धरून लिहिले होते. सत्तरीपुढील कोणालाही, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. पुन्हा रुग्णालयात दाखल करावे लागले, तर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. घरच्या शुश्रूषेला मात्र ते उपयोगी नाही.

कृष्णाकाठ:
दोन्ही अर्ज करतो. डिस्चार्ज बुकात वडिलांचे आडनाव एक आहे आणि आधार कार्डावर दुसरे आहे. त्यामुळे अडेल का?

निवृत्त_सुभेदार:
अडू शकते. मूळ डिस्चार्ज बुक व आधार घेऊन आधी जिल्हा कार्यालयात जा, नोंद दुरुस्तीसाठी मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगाव येथील रेकॉर्ड ऑफिसला काय पाठवायचे ते तेथे लिहून घ्या. वडिलांना नेता येणार नाही, तेव्हा त्यांचे सहीचे किंवा अंगठ्याचे अधिकारपत्र सोबत ठेवा.