मदत हवी आहे: निवाऱ्याच्या गच्चीवरचा पालक पिवळा पडतोय

सईची_आई:
आमची संस्था पुण्यात बेघरांसाठी निवारा चालवते. गच्चीवर हायड्रोपोनिक्सचे (मातीशिवाय, खताच्या पाण्यावर भाजी वाढवायचे) ८ पाईप आहेत. लेट्यूस मस्त आला, आता पालक मात्र पिवळा पडलाय. खत वेळच्या वेळी घालतोय. शनिवारी देणगीदार बघायला येणार आहेत. काय घालू ते पटकन सांगा.

बिनमातीचा:
खालची जुनी पानं की शेंड्याची कोवळी? शिरा हिरव्या आहेत का? पीएच (पाण्याची आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) किती? पाणी कुठलं?

सईची_आई:
कोवळी. शिरा हिरव्या, मधलं सगळं पिवळं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ९०० आहे, म्हणजे खताचा प्रश्न नाही.

कुंडीवाली:
ताई, कशाला हा पंप-पाईपांचा खटाटोप? उसाच्या पाचटात आणि ओल्या कचऱ्यात मी तीन वर्षं पालक काढतेय. निवाऱ्यात भाजीची देठं रोज निघतच असतील.

बिनमातीचा:
आलं पाचट! धागा कुठलाही असो.

कुंडीवाली:
वीज गेली की तुमचीच मुळं सुकतात, माझी नाही.

खडूस_काका:
बेघर माणूस भाकरीबरोबर लेट्यूस खाणार का? मोठ्या शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा हवा, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. आधी ते बघा.

सईची_आई:
काका, लेट्यूस एका कॅफेला विकतो, त्या पैशांत डाळ-तांदूळ येतात. पालक आमच्या जेवणात. आता कुणी उत्तर देईल का?

निशाचर:
लोह कमी पडतंय. एप्सम सॉल्ट फवारा.

बिनमातीचा:
एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असतं, लोह नाही! आणि मॅग्नेशियम कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी होतात. ताई, पाणी कुठलं ते अजून सांगितलं नाहीत.

सईची_आई:
नळाचंच. म्हणजे लेट्यूसच्या वेळी. महिनाभर कपात आहे म्हणून बोअरचं. त्याने काय होतंय?

बिनमातीचा:
त्यानेच तर होतंय! खत न घालता नुसत्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस मोजा. पीएच बघायचे थेंब मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात.

सईची_आई:
आज मोजलं. नुसतं पाणी ६२०. टाकीचा पीएच ७.८.

बिनमातीचा:
म्हणजे ९०० मधलं खत जेमतेम २८०, बाकी सगळे बोअरचे क्षार. शिवाय पीएच साडेसहाच्या वर गेला की टाकीत लोह असून मुळांना मिळत नाही. टाकी रिकामी करा. नळाचं मिळेल तेवढं मिसळा, खत नव्याने घाला, मग फॉस्फोरिक आम्लाने पीएच ६ च्या आसपास आणा. हातमोजे घालून, थेंब थेंब. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही.

कुंडीवाली:
लिंबू पिळलं तर?

बिनमातीचा:
उतरतो, पण दोन दिवसांत परत चढतो.

सईची_आई:
शनिवारपर्यंत हिरवा होईल?

बिनमातीचा:
नाही. फरक पुढच्या नव्या पानांत दिसेल. देणगीदारांना लेट्यूस दाखवा.

सईची_आई:
लेट्यूस संपला. असो, टाकी उपसायला घेतलीये. पाईप धुणारे आमचे परभणीकडचे बाबा बोअर सुरू झाला त्याच दिवशी म्हणाले होते, "ताई, पाणी जड हाय, डाळ शिजंना." मी कुकरला दोन शिट्ट्या वाढवायला सांगितल्या.

नवा_सभासद:
तुमच्याकडे जुनी पांघरुणं घेतात का? धुतलेली आहेत.